वाचकांचे प्रश्न : पुराच्या नोंदीत बायका कुठे?

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत निम्म्या गावात पाणी होते. ग्रामपंचायत आता हवामान बदल लक्षात घेऊन आराखडा करणार आहे आणि त्यासाठी स्त्री-पुरुषांची माहिती वेगवेगळी घ्या, असे प्रशिक्षणात सांगण्यात आले. पाणी बाई-माणूस बघून घरात शिरत नाही. मग ही वेगळी माहिती कशाला, आणि ती धोरणापर्यंत पोहोचते का? – एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. मात्र या चार फुटांच्या अवधीत घरात कोण काय करते, याची नोंद कुठल्याही दप्तरात नसते. वैरण आणि शेणी माळ्यावर चढवणे, धान्य बांधणे, सासू-सासऱ्यांना हलवणे ही कामे बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतात आणि गोठ्यातली म्हैस हलल्याशिवाय तिचा पाय घरातून निघत नाही. म्हणजे गाव वेळेवर रिकामे होत नसेल, तर त्याचे कारण नुसता आडमुठेपणा नसून जनावरांच्या छावणीची सोय आधी न होणे हेही असू शकते. हे वेगळे विचारल्याशिवाय कळत नाही.

भरपाईचेही तसेच आहे. पिकाचा पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो. त्याच उसात रोजाने भांगलण करणाऱ्या बाईची मजुरी पाणी ओसरून वाफसा येईपर्यंत बुडते, पण तिच्यासाठी कागदावर रकानाच नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, तर पुरुषांची 97. पुरानंतर चिखल उपसताना हा आकडा किती होतो, हे आपल्या गावापुरते आपणच मोजू शकता.

माहिती घेताना दारात उभे राहून कुटुंबप्रमुखाला विचारू नका. उत्तरे त्याचीच मिळतील. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत विचारा. जमीन, घर आणि दूध संस्थेचे खाते कोणाच्या नावावर आहे, इशारा कोणाच्या मोबाईलवर येतो, छावणीत स्वच्छतागृह व अंगावर पाजण्यासाठी आडोसा होता का, रोजगार किती दिवस बुडाला, एवढे प्रश्न पुरेत. गरोदर मातांची नोंद आशाताईंकडे आणि लहान मुलांची अंगणवाडीत असतेच, ती पुन्हा गोळा करण्यात अर्थ नाही. विधवा व एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचा रकाना मात्र विसरू नका. आपल्याच तालुक्यातील हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि पुढे राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. गावचा ठराव वर जातो, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. एकट्या स्त्रियांची नावे-पत्ते मात्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नयेत. बाहेर द्यायची ती फक्त बेरीज.

पुढचा मार्ग ठरलेला आहे. ही बेरीज ग्रामपंचायत विकास आराखड्यात ठरावासह घाला, आणि 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे दरवर्षी ज्याचा आढावा घ्यावा लागतो त्या जिल्हा आराखड्यासाठी पावसाळ्यापूर्वीच पाठवा. हवामान बदलावरील 2015 च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारातील सातव्या कलमात अनुकूलनाची, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची कामे लिंगभाव लक्षात घेऊन करावीत, असे म्हटले आहे. पण आपल्या तहसीलदारांना पॅरिसपेक्षा गावाचा ठराव अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : यात पुरुषांकडे दुर्लक्ष होणार नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, कारण मोजणी दोघांची आहे. वाहत्या पाण्यात जनावरे सोडवायला आणि बोट घेऊन जायला बहुधा पुरुषच उतरतात. ते आकडे वेगळे दिसले, तरच लाइफ जॅकेट किती आणि कोणासाठी मागायची, हे ठरवता येईल.