थायलंड एवढा श्रीमंत नसताना सगळ्यांना जवळपास फुकट उपचार कसे देऊ शकला?

सगळे ३० बाटच्या (बाट म्हणजे तिथलं चलन) स्कीमचंच नाव घेतात, म्हणजे सुरुवातीला स्कीमचं गोल्ड कार्ड दाखवायचं, काउंटरवर ३० बाट टेकवायचे की झालं असं होतं, पण खरं काम त्याच्या वीसेक वर्षं आधीच झालेलं. १९८० च्या दशकात त्यांनी काही वर्षं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांचा नवीन खर्च गोठवला आणि तो पैसा तालुक्याच्या हॉस्पिटलांकडे वळवला, शिवाय नवीन डॉक्टरांना ३ वर्षं सरकारी नोकरी सक्तीची, बऱ्याच जणांना खेड्यातच, नाहीतर दंड भरा. म्हणून २००२ ला या स्कीमचा कायदा आला तेव्हा कार्ड घेऊन जायला जवळपास हॉस्पिटल होतं आणि आत डॉक्टर पण होता. (आमच्या गावात बिल्डिंग आहे, रंग पण ताजा आहे, फक्त दाराला कुलूप असतं.)

दुसरं म्हणजे सरकारने हॉस्पिटलला पैसे द्यायची पद्धत. ओपीडीचं प्रत्येक पेशंटमागे बिल नाही, नोंदवलेल्या माणसामागे आधीच ठरलेली रक्कम, सुरुवातीला सगळं मिळून माणशी वर्षाला १,२०२ बाट धरले होते. मग उगाच टेस्ट लावून हॉस्पिटलला काय मिळणार? पैसा अर्थात टॅक्समधूनच येतो. आणि गर्दी भयंकर असते, ते काही सुटलेलं नाहीये.