वाचकांचे प्रश्न : वाद्यवृंदाचा संचालक कसा घडतो?

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची असून अकरावीत शिकते. लहानपणापासून ती हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकत आहे. मुंबईत एक सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी पाश्चात्त्य रचना) प्रत्यक्ष ऐकल्यापासून तिने वाद्यवृंदाची संचालक व्हायचे मनावर घेतले आहे. नाशिकमध्ये राहून याची सुरुवात करता येईल का, की ही चार दिवसांची हौस समजावी? – एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : हौस समजून सोडून देऊ नये, एवढे आधीच सांगतो. मात्र संचालकाची कारकीर्द हातात बॅटन, म्हणजे संचालकाची छडी, घेतल्या दिवशी सुरू होत नाही. ती वाद्यवृंदाच्या आत बसून, शेजारच्याचे ऐकत वाजवण्यापासून सुरू होते, आणि हे आत बसणे जितके पक्के तितका पुढचा संचालक पक्का, असे माझे ठाम मत आहे.

संचालक झुबिन मेहता यांचेच उदाहरण घ्या. १९३६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक, त्यामुळे तालमी कानावर पडतच ते वाढले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात वैद्यकीच्या दिशेने सुरू केलेले शिक्षण सोडून १९५४ साली ते व्हिएन्नाला गेले, पण तेथे गेल्या गेल्या कोणी त्यांना व्यासपीठावर उभे केले नाही. हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकत असताना ते डबल बास हे खर्जाचे मोठे तंतुवाद्य वाजवत होते, आणि थोर संचालकांच्या तालमी जवळून पाहायला मिळाव्यात म्हणून क्लाउदिओ अब्बादो या सहाध्यायासह गायकवृंदात खर्जाच्या रांगेत उभे राहून गात होते. १९५६ साली हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि निर्वासितांच्या छावणीत जाऊन कार्यक्रम केला. १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकल्यावर ते तेथील वाद्यवृंदाचे वर्षभर सहायक संचालक होते. पुढे १९६१ साली माँट्रियल आणि १९६२ साली लॉस एंजेलिस येथील वाद्यवृंदांची प्रमुखपदे त्यांच्याकडे आली. लोकांच्या लक्षात लॉस एंजेलिस राहते. मला मात्र डबल बास, गायकवृंद आणि छावणीतला तो कार्यक्रम अधिक मोलाचा वाटतो, कारण या तिन्ही गोष्टींना पदाची किंवा प्रसिद्धीची गरज नव्हती, आणि आपल्या मुलीला यातले पुष्कळसे नाशिकमध्येच करता येण्यासारखे आहे.

तिचे व्हायोलिन बहुधा सा-प-सा-प असे मिळवलेले असेल आणि मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून ती वाजवत असेल. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते हनुवटीखाली धरतात, तारा जी-डी-ए-ई अशा मिळवतात, आणि गज कोणत्या स्वराला खाली ओढायचा व कोणत्या स्वराला वर न्यायचा हे साऱ्या रांगेसाठी एकच ठरलेले असते. ही दुसरी बैठक तिला नव्याने शिकावी लागेल. त्यात काही महिने हात अवघडतील, पण आधीचे शिक्षण वाया जात नाही. लयीवरची पकड आणि सुराची पारख ही तिची जमेची बाजू आहे. उणीव असेल ती वेगळ्या ठिकाणी : आपल्या संगीतात कान एकाच स्वररेषेच्या मागे खोलवर जातो, तर सिंफनीत एकाच क्षणी दहा-बारा रेषा चाललेल्या असतात आणि त्यांपैकी नेमकी चौथी चुकली हे संचालकाला तत्क्षणी कळावे लागते. त्यासाठी तिने पियानो शिकायला लगेच सुरुवात करावी आणि चार आवाजांत गाणाऱ्या एखाद्या गायकवृंदात आपली ओळ सांभाळून गाण्याची सवय करावी. चर्चमधील गायकवृंद यासाठी उत्तम. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या संस्थांच्या परीक्षा भारतात देता येतात. त्यांचा पियानोचा आणि थिअरीचा अभ्यासक्रम शिस्तीसाठी चांगला आहे, मात्र ग्रेड गोळा करणे हेच ध्येय होऊ देऊ नये.

स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली स्वरलिपी, वाचणे ही यातली खरी मेहनत आहे. पानावर सर्वांत वर बासरी, ओबो, क्लॅरोनेट आणि बासून ही वाद्ये, त्याखाली हॉर्न आणि ट्रंपेट, मग टिंपनी हे मोठे नगारे, आणि तळाशी तंतुवाद्ये, अशा ओळी एकाखाली एक असतात. त्यात आणखी एक मेख आहे. बी फ्लॅट क्लॅरोनेटच्या ओळीत सी, म्हणजे आपली पांढरी एक, लिहिलेला असतो, पण वाद्यातून निघतो तो काळी पाचचा सूर. एफमधल्या हॉर्नच्या ओळीत तोच सी लिहिला तर ऐकू येतो त्याच्या खालचा एफ. वाचता वाचता हे सारे मनात बदलून घेत खरा स्वरमेळ आतल्या आत ऐकू येणे, हे रोजच्या सरावानेच साधते. हायडन या रचनाकाराच्या एखाद्या सिंफनीचा सावकाश चालणारा भाग घेऊन, पियानोवर आधी दोन ओळी, मग तीन, मग चार अशा वाजवत जाणे ही चांगली सुरुवात आहे. जुन्या रचनांचे स्कोअर इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

आता नाशिकविषयी. पूर्ण सिंफनी वाद्यवृंद येथे नाही, आणि तो उभा राहण्याची वाट पाहत बसू नये. आठ-दहा वादक पुरेसे आहेत. पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकणारी चार मुले, एखादा चेलो मिळाला तर फारच छान, नाहीतर कीबोर्डवर खालची ओळ. आणि आपल्या शहरातल्या बँडपथकांतील क्लॅरोनेट व ट्रंपेट वाजवणारे कलावंत. लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात त्यांना थोडी सवड असते. अनेकांचा हात अतिशय तयार असतो. त्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. देवळाली कॅम्प परिसरात लष्करी बँडमधून निवृत्त झालेले कोणी भेटले, तर त्यांच्याकडून कागदावरून वाजवण्याची शिस्त शिकायला मिळेल. आपल्या मुलीने प्रत्येकाच्या वाद्याच्या पल्ल्यात बसेल अशी ओळ स्वतः लिहावी, छोटीशी रचना बसवावी आणि एखाद्या शाळेच्या सभागृहात वाजवावी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी हेच काम केले होते : चाल दुसऱ्याची, पण पन्नास वादकांपैकी कोणी काय वाजवायचे ते लिहून काढण्याची विद्या यांची. ज्याने स्वतः ओळी लिहिल्या आहेत, तो दुसऱ्याचा स्कोअर वेगळ्याच नजरेने वाचतो. ज्या पंचवटीत पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी आश्रमात शिष्य घडवले, त्या शहराला एकत्र बसून शिकण्याची आणि संगीत लिपीत लिहिण्याची परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद असतो आणि सर्वजण निष्णात असतात. मग समोर उभे राहून हातवारे करणाऱ्या माणसाची खरोखर गरज असते का? – निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली स्थापन झालेला ऑर्फियस हा चेंबर वाद्यवृंद संचालकाविनाच वाजवतो आणि उत्तम वाजवतो. पण त्याची वादकसंख्या मर्यादित आहे आणि एकमेकांशी चर्चा करून प्रत्येक गोष्ट ठरवण्यास ते भरपूर वेळ देतात. ऐंशी-नव्वद वादक आणि मोजक्याच तालमी असल्या की निर्णय एकाने घ्यावा लागतो.

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आपण नक्कीच ऐकली असेल : तीन आखूड सारखे स्वर आणि चौथा खालचा, लांबवलेला. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ती प्रथम वाजली. कागदावर तिचे पहिले चिन्ह स्वराचे नसून अर्ध्या मात्रेच्या विरामाचे आहे. म्हणजे संचालकाचा हात खाली येतो तो शांततेवर, आणि सारी तंतुवाद्ये व क्लॅरोनेट यांनी त्यानंतरच्या अर्ध्या मात्रेवर, एका श्वासात, उचलायचे असते. त्यांना लय कळते ती फक्त हात वर जाऊन खाली येण्याच्या वेगावरून. तो वेग डळमळला तर पन्नासहून अधिक गज पुढेमागे पडतात आणि पहिल्याच क्षणी सारे विस्कटते. चौथ्या स्वरावर थांबण्याचे चिन्ह आहे, पण किती थांबायचे ते लिहिलेले नाही. लगेच येणाऱ्या दुसऱ्या चौकडीत हाच लांब स्वर एका बारने, म्हणजे मात्रांच्या एका ठरावीक गटाने, अधिक लिहिला आहे, तेव्हा दुसरा थांबा पहिल्यापेक्षा मोठा जाणवला पाहिजे. आता पहिला किती लांबवावा? तो संपवून हात थांबवायचा, की त्याच हालचालीतून पुढच्या स्वरांना इशारा द्यायचा? अवघ्या पाच बारांत इतके निर्णय आहेत आणि ते कोणाही एका वादकाच्या कागदावर नाहीत.

मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकापुढचा जाणता वादक ठेका बदलण्याची खूण आधी करतो, नेमक्या क्षणी नव्हे, हे आपण नाशिककरांनी अनेकदा पाहिले आहे. संचालकाची प्रत्येक खूणही अशीच थोडी आधी असते. चार मात्रांच्या बारात हात खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर असा फिरतो हे कोणीही तासाभरात शिकेल. पण प्रत्येक मात्रा येण्यापूर्वीच तिचे वजन हातातून दिसणे हे वर्षांचे काम आहे.

शिवाय प्रेक्षकांना दिसतो तो कामाचा शेवटचा तुकडा. खरे काम तालमीत होते, आणि तरुण संचालकाची परीक्षाही तेथेच होते. अनुभवी वादकांना भाषण नको असते. स्कोअरमध्ये खुणेसाठी छापलेल्या कोणत्या अक्षरापासून कितव्या बारात, कोणत्या वाद्याने, काय बदलायचे, एवढे सांगून पुन्हा वाजवायला लावणारा संचालक त्यांना आवडतो. बीथोव्हनच्या मनात काय होते यावर दहा मिनिटे बोलणारा आवडत नाही.

प्रश्न : पंचविशीतल्या संचालकांना जगप्रसिद्ध वाद्यवृंद मिळाल्याच्या बातम्या वाचतो. स्पर्धा जिंकली की दारे उघडतात का? – कीबोर्डवादक, सिडको, नाशिक

उत्तर : उघडतात, पण आत टिकवणारी गोष्ट दुसरीच असते. सेइजी ओझावा १९५९ साली फ्रान्समधील बेझाँसोंची स्पर्धा जिंकले आणि गुस्ताव्हो दुदामेल २००४ साली जर्मनीतील बाम्बर्गची. दोघांचेही नाव त्यानंतर जगभर झाले. पण दुदामेल त्यापूर्वी अनेक वर्षे व्हेनेझुएलात, होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ साली सुरू केलेल्या एल सिस्तेमा या उपक्रमात, मुलांच्या आणि युवकांच्या वाद्यवृंदांत घडत होते. फिनलंडचे क्लाउस मॅकेला १९९६ साली जन्मले, २०२० साली ऑस्लोच्या आणि २०२१ साली पॅरिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले, आणि २०२७ पासून अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाउ व शिकागो हे दोन्ही वाद्यवृंद त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. वय पाहून आपण थक्क होतो, पण बाराव्या वर्षापासून ते योर्मा पानुला यांच्याकडे संचालन शिकत होते आणि चेलोवादक म्हणूनही तयार होते.

स्पर्धेपेक्षा सहायक संचालकाची जागा मला अधिक महत्त्वाची वाटते. बातमीत ती येत नाही. सहायकाने प्रत्येक तालमीला सभागृहात मागे बसून वाद्यांचा एकमेकांशी तोल ऐकायचा, चुका टिपायच्या आणि ऐनवेळी उभे राहता येईल इतकी प्रत्येक रचना तयार ठेवायची. लेनर्ड बर्नस्टाइन १४ नोव्हेंबर १९४३ रोजी असेच उभे राहिले. पाहुणे संचालक ब्रूनो वॉल्टर आजारी पडले, आणि पंचवीस वर्षांच्या या सहायकाने तालमीशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा कार्यक्रम पार पाडला. तो रेडिओवरून देशभर ऐकला गेला. नशीब म्हणता येईल, पण स्कोअर तयार नसता तर त्या नशिबाचा काहीच उपयोग नव्हता.

प्रश्न : या क्षेत्रात स्त्रियांना वाव आहे का? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : आहे, आणि वाढत आहे. फार काळ तो नाकारला गेला ही अन्यायाची गोष्ट होती. मॅरिन ऑल्सप २००७ साली बाल्टिमोरच्या संगीतसंचालक झाल्या आणि २०१३ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या अखेरच्या रात्रीचे संचालन करणारी पहिली स्त्री ठरल्या. लिथुआनियाच्या मिर्गा ग्राझिनीते-तीला यांनी २०१६ साली, तिशीत, बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची धुरा घेतली. आपल्याकडे मुंबईच्या परंज्योती गायकवृंदाची जबाबदारी कूमी वाडिया यांनी १९६७ पासून दीर्घकाळ सांभाळली.

प्रश्न : परदेशी शिक्षणाचा खर्च आणि प्रवेशपरीक्षा यांविषयी सांगावे. – एक पालक, नाशिकरोड

उत्तर : खर्च देशानुसार फार बदलतो. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क माफ असते, पण जागा अगदी मोजक्या. जर्मनीत सरकारी संगीतविद्यापीठांचे शुल्क अमेरिकेच्या मानाने पुष्कळच कमी आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा, आणि तोच मोठा. जर्मन भाषेची तयारी येथूनच करून जावे, कारण तालीम त्याच भाषेत घ्यावी लागते.

प्रवेशपरीक्षेत साधारणपणे पियानोवादन, स्वर ऐकून लिहून काढणे, न पाहिलेला स्कोअर पियानोवर वाजवून दाखवणे आणि दोन पियानोवादकांसमोर किंवा छोट्या वाद्यवृंदासमोर प्रत्यक्ष संचालन एवढे असते. बहुतेक भारतीय मुले पियानोत आणि स्कोअरवाचनात मागे पडतात.

तयारीच्या काळात मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जाऊन ऐकणे चुकवू नये. २००६ साली तेथे स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मुख्य हंगाम फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात, आणि नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघाले तर दुपारपर्यंत सहज पोहोचता येते. कार्यक्रमातील एका रचनेचा स्कोअर आठवडाभर आधी वाचावा, आपण कोणता भाग कोणत्या लयीत घेतला असता ते पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि सभागृहात प्रत्यक्ष काय घडले ते परतीच्या प्रवासात त्याच पानांवर टिपावे.