समोरचे सारखे डिपर मारतात, काय करू?

प्रश्न: काकांनी अमेरिकेहून आणलेली १९६५ ची फोर्ड मस्टँग आता माझ्याकडे आहे. लाईट डिम असूनही समोरचे वैतागतात. नवीन बल्ब टाकू का?

उत्तर: अहो, त्यात बल्ब वेगळा नसतोच, ७ इंची सीलबीम आहे, आख्खा बदलावा लागतो. आणि खरी गडबड अशी की अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात म्हणून तो झोत उजवीकडे झुकतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात! डाव्या बाजूच्या ट्रॅफिकसाठीचं ७ इंची एच-४ युनिट (यात हॅलोजन बल्ब वेगळा बसतो) घ्या, बल्ब ६०/५५ वॅटचाच (अप्पर ६०, डिम ५५), आणि रिले (दिव्याचा करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा छोटा विजेचा स्विच) नक्की लावा, कारण आत्ता सगळा करंट त्या जुन्या स्विचमधूनच जातो, मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मग सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, टायरमध्ये हवा बरोबर हवी, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर टेप चिकटवा. भिंतीवर डिमच्या झोताची वरची कड टेपच्या १० सेंमी खाली यायला हवी, त्या कडेचा वर चढणारा भाग डावीकडे. दिव्याच्या वरचा स्क्रू उंचीसाठी, बाजूचा डावं-उजवं करायला. दिव्याभोवतीच्या रिंगचे स्क्रू मात्र पिळत बसू नका, ते नुसते दिवा धरून ठेवतात.