वाळवंटात मुक्काम: फेब्रुवारी बघून ठरवू नका

ॲरिझोनाच्या आर्व्ही (आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) रिसॉर्टमध्ये लांबचा मुक्काम ठोकण्याबद्दल अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले पाच आज घेतो.

प्रश्न: आम्ही दोघे लवकरच निवृत्त होतोय. न्यू जर्सीतले घर विकून मोटरहोम घ्यायचे आणि युमाच्या रिसॉर्टमध्ये बारा महिने राहायचे, असा बेत आहे. फेब्रुवारीत आठवडाभर राहून आलो, जागा फार आवडली.

फेब्रुवारीत युमा कोणाला आवडत नाही? आता ऑगस्टमध्ये आठवडाभर राहून या आणि मगच घर विकायला काढा. जानेवारीत तिथले दुपारचे सरासरी तापमान साधारण २१ अंश सेल्सियस असते, जुलैत ४२. विदर्भातली मंडळी म्हणतील, त्यात काय, आम्ही चंद्रपूरचा मे महिना काढलाय. खरे आहे, पण चंद्रपूरच्या घराला विटांच्या भिंती असतात आणि जूनमध्ये पाऊस येतो. इथे भिंत म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबरग्लास आणि आत जेमतेम दोन-तीन बोटे फोम. उन्हाळाही मे ते सप्टेंबर चालतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या खाली आले नाही. युमा तर त्याहूनही सखल भागात आहे.

शिवाय तुम्हाला आवडलेले रिसॉर्ट मे महिन्यात तिथे नसते. पिकलबॉल, पत्त्यांचे डाव, लाकूडकामाची कार्यशाळा, शनिवारचा नाच हे सगळे थंडी टाळायला मिनेसोटा आणि अल्बर्टाहून येणाऱ्या ‘स्नोबर्ड’ मंडळींच्या जिवावर चालते. एप्रिलमध्ये ते घरी परततात. मागे उरतात थोडे कायमचे रहिवासी आणि दिवसरात्र घरघरणारे एसी.

आता पैशांचे. वार्षिक भाडे बऱ्याचदा सहा महिन्यांच्या हंगामी भाड्याहून फार जास्त नसते. मोह इथेच होतो. पण लांबच्या मुक्कामात वीज सहसा मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते, आणि उन्हाळ्यातले बिल भाड्याचा हिशेब उलटापालटा करते. म्हणून शेजारच्या कायमच्या रहिवाशाला जुलैचे बिल दाखवायला सांगा. लोक आनंदाने दाखवतात, तक्रार करायला श्रोता हवाच असतो.

करार वाचताना मुदत बघा. सलग १८० दिवसांहून अधिक काळ जागा भाड्याने घेणाऱ्या आर्व्हीधारकांसाठी ॲरिझोनात स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात भाडेकरूला नोटिशीचे वगैरे संरक्षण मिळते. करारात मुदत नेमकी १८० दिवस किंवा त्याहून थोडी कमी दिसली, तर तो योगायोग समजू नका. गाडी दहा वर्षांहून जुनी नको, अशी अटही पुष्कळ ठिकाणी असते. आज नवी घेतलेली गाडी दहा वर्षांनी जुनी होणारच. तेव्हा काय, हे आत्ताच लेखी घ्या.

माझे मत विचाराल तर पहिले वर्ष घर भाड्याने द्या, विकू नका. हिवाळा युमात काढा आणि उन्हाळ्यात गाडी फ्लॅगस्टाफकडे हाका. ते २,१०० मीटर उंचीवर आहे, तिथे जुलैतही रात्री पांघरूण लागते.

प्रश्न: रिसॉर्टमधल्या आमच्या साइटवर, म्हणजे गाडीच्या जागेवर, ३० ॲम्पिअरची जोडणी आहे. एसी चालू असताना इंडक्शनवर कुकर लावला की ब्रेकर पडतो. वायरिंग खराब आहे का?

वायरिंग ठीक असेल, गणित जमत नाहीये. १२० व्होल्टवर ३० ॲम्पिअर म्हणजे ३,६०० वॉट. छतावरचा एक एसी साधारण दीड हजार वॉट खातो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. इंडक्शन पूर्ण आचेवर १,८०० वॉट घेते. त्यात पाण्याचा हीटर विजेवर टाकलेला असला की संपलेच. हीटर प्रोपेनवर टाका आणि कुकरही गॅसवर चढवा. दोन एसींची गाडी असेल तर ५० ॲम्पिअरचीच साइट मागा. त्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, म्हणजे एकूण १२,००० वॉट मिळतात. फोडणी मात्र बाहेर, सावलीतल्या शेगडीवर द्या. इतक्याशा जागेत हिंग-मोहरीचा वास गाद्यांत मुरतो.

प्रश्न: रिसॉर्टचे भाडे कशाला भरायचे? ॲरिझोनातल्याच क्वार्ट्‌झसाइटला सरकारी जमिनीवर लोक जवळजवळ फुकट राहतात म्हणे.

राहतात, हजारोंनी राहतात. सरकारी भूव्यवस्थापन खात्याने तिथे ला पोसा आणि युमाजवळ इम्पीरियल डॅम इथे लांबच्या मुक्कामाची क्षेत्रे राखली आहेत. परवाना १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत चालतो आणि त्याचे शुल्क रिसॉर्टच्या हंगामी भाड्यापुढे किरकोळ आहे. याच्या बाहेरच्या खुल्या जमिनीवर साधारणपणे १४ दिवसच राहता येते, मग तळ हलवावा लागतो.

पण वीज तुमची तुम्ही करायची, सौर पॅनेलवर किंवा जनरेटरवर. पाणी भरायला आणि मैल्याची टाकी रिकामी करायला गाडी न्यावी लागते. ज्याला हे काम वाटते त्याने रिसॉर्टचे पैसे भरावेत, ज्याला यात मजा वाटते त्याने जरूर जावे. तळ टाकताना मात्र कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नका. दूर डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही तिथे लोंढा आणतो.

गेलात तर तिथल्या दफनभूमीत ‘हाय जॉली’ची कबर बघा. हाजी अली या नावाचे इंग्रजी जिभेने हाय जॉली केले. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये आणलेल्या उंटांबरोबर तो उंटवाला म्हणून आला आणि १९०२ मध्ये क्वार्ट्‌झसाइटलाच वारला. त्याच्या पिरॅमिडच्या आकाराच्या स्मारकावर उंट आहे.

प्रश्न: आमचे रिसॉर्ट ५५ वर्षांवरील लोकांसाठी आहे. सांगलीहून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येणार आहेत, दोघेही सत्तरीचे. राहू शकतील ना? आणि सासऱ्यांचे दात मेक्सिकोत करून घेता येतील का?

वयाचा प्रश्न नाही. कायद्यानुसार अशा वसाहतीत किमान ८० टक्के घरांत एक तरी व्यक्ती ५५ किंवा त्याहून मोठी लागते. अडचण पाहुण्यांच्या नियमाची असते. किती दिवस, किती माणसे आणि दिवसाला किती जादा आकार, हे कार्यालयात आधी विचारा. नातवंडे येणार असतील तर तरण तलावाच्या वेळाही विचारा, त्यावरून भांडणे होतात.

दातांसाठी युमाचे लोक लोस अल्गोदोनेसला जातात. सीमेपलीकडच्या या छोट्या गावात दंतवैद्यांच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. गाडी अलीकडे लावून चालतच पलीकडे जायचे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण सासऱ्यांचा अमेरिकी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आणि मुदतीतला आहे ना, ते तपासा. नाहीतर दात नवे होतील आणि परतीची वाट बंद. मूळ पासपोर्ट जवळ हवाच. युमाच्या आसपासच्या हमरस्त्यांवरही सीमा पोलिसांच्या चौक्या असतात, तेव्हा घरी परततानाही तो पिशवीत असू द्या.

प्रश्न: उन्हाळ्यात ट्रेलर तिथेच बंद ठेवून जायचे आहे. काय काय करावे?

पाणी मुख्य नळाला बंद करा, हीटर आणि टाक्या रिकाम्या करा. फ्रिज पुसून दार उघडे ठेवा. स्प्रेचे डबे, औषधे, मेणबत्त्या आणि गॅस लायटर आत ठेवू नका. टायर झाका. इथे ते झिजून नाही, उन्हाने तडकून जातात. जुने रहिवासी आत एक-दोन बादल्या पाणी भरून ठेवतात, म्हणजे लाकडी कपाटे फार कोरडी पडून फाटत नाहीत. गाडीखालची भोके जाळीने बुजवा, कारण वाळवंटातले पॅक रॅट उंदीर वायरी कुरतडतात. कोणीतरी महिन्यातून एकदा आत डोकावेल, अशी सोय पैसे देऊन का होईना, करून ठेवा.

आणखी एक. इथल्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात, त्यातून ‘व्हॅली फीव्हर’ होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. पण घरी परतल्यावर खोकला, ताप, थकवा काही आठवडे हटला नाही, तर ॲरिझोनात राहून आलोय हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. थंड राज्यांतल्या डॉक्टरांना तो सहसा सुचत नाही.