चौकी पाहिजे की अभ्यासिका?

हिशेबाचं बोला : वाचकांचे प्रश्न, कोषागारातून निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याची उत्तरं

प्रश्न : भाऊ, आमच्या लेआउटमध्ये पब्लिक युटिलिटीचा एक प्लॉट आहे. तिथे तुटलेला झोपाळा, गाजरगवत आणि संध्याकाळी सातनंतर गांजा ओढणारी पोरं. वर्षभरात गल्लीतल्या दोघींच्या गळ्यातली पोत ओढून नेली. मग हनुमान मंदिरात बैठक झाली. म्हातारी मंडळी पोलीस चौकीसाठी सह्या घेऊन राहिली. भरतीची तयारी करणारी पोरं म्हणतात, अभ्यासिका पाहिजे. माझा मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. तो म्हणाला, "आई, सही करू नको. इथे लोक म्हणतात पोलिसांचा पैसा कमी करा आणि वस्तीच्या कामाला लावा." यावर घरी हे म्हणतात, "त्याले काय जाते तिथून बोलायला!" मी सही करू की नको?
एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर

उत्तर : ताई, मुलगा खोटं सांगत नाही, पण तो तिथल्या खिशाबद्दल बोलतो आहे. 25 मे 2020 ला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला तो त्याच्याच शहरात. तिथे पोलीस हे शहराचं खातं. नगर परिषद त्याचं बजेट मंजूर करते, आणि त्याच तिजोरीतून अग्निशमन चालतं, आरोग्य खातं चालतं. त्यामुळे "इकडचे काढा, तिकडे टाका" या मागणीला तिथे अर्थ आहे. पण पुढचंही विचारा त्याला. नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस खातं काढून त्या जागी सार्वजनिक सुरक्षेचं नवं खातं आणायचं का, यावर तिथे मतदान झालं आणि लोकांनी तो प्रस्ताव पाडला. ज्या शहरातून ही मागणी जगभर गेली, तिथलाच मतदार बिचकला.

आता आपल्या खिशाकडे या. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतला विषय, नोंद 2. पैसा गृह विभागाचा, लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाच्या खात्याचा नंबर) 2055. एकतीस वर्षं बिलं पास केली, हा आकडा मला जावयाच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे. महापालिकेकडे काय, तर 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतले 18 विषय. त्यात पथदिवे आहेत, उद्यानं आहेत, खेळाची मैदानं आहेत, दुर्बल घटकांचं हित आहे. पोलीस नाही. म्हणजे उद्या तुमच्या ठाणेदाराची जीप विकली, तरी त्या पैशातून तुमच्या अभ्यासिकेत एक खुर्ची येत नाही. आणि अभ्यासिका रद्द केली म्हणून गल्लीत एक शिपाई वाढत नाही. हनुमान मंदिरात जी भांडणं झाली ती या अर्थानं फुकाची.

दोन्ही खिसे जिथे जवळ येतात अशा जागा मोजक्या. एक जिल्हा नियोजन समिती, दुसरी आमदार निधी. कॅमेऱ्यांचंही तसंच : शहरात साडेतीन हजारांवर लागले ते स्मार्ट सिटीच्या कामात, 2016 च्या सप्टेंबरात नागपूर त्या यादीत आलं त्यानंतर. पण पडद्यासमोर बसतात पोलीस. आणि तिसरी जागा म्हणजे तुमचा तो प्लॉट. पैसे दोन खिशांतून येतील, जमीन एकच आहे. तुमचं खरं भांडण त्या जमिनीचं आहे, ताई. ती शहरात लेआउट पाडणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासची की महापालिकेची, हे आधी काढा. अर्धे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून मरतात, हे मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिलं आहे.

सही करण्याआधी आमच्या वस्तीतली चौकी एकदा पाहून जा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बांधली. उद्घाटनाला मांडव होता, चिवडा होता, मीही दोन प्लेट खाल्ला. आता दाराला कुलूप आहे, कुलपावर गंज आहे. खिडकीच्या फटीतून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, त्यावर अजून ऑगस्टच चालू आहे, कोणत्या सालचा ते धुळीमुळे वाचता येत नाही. टेबलाखाली गणेश मंडळाचे बांबू आणि एक फाटका ढोल ठेवलेला. असं का झालं? इमारत हा भांडवली खर्च, एकदाच करायचा, कोनशिलेवर नाव येतं. माणूस हा महसुली खर्च, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करायचा, जन्मभर, वर पेन्शन. कोनशिला लावायला सगळे येतात, पद मंजूर करायला कोणी येत नाही. अभ्यासिकेचंही हेच होतं, म्हणून पोरांनी फार खुश होऊ नये. किल्ली कोणाकडे राहील हे ठरलं नाही, तर तिथेही वर्षभरात मंडळाचे बांबू जाणार.

आता घरातलं सांगतो. हे सहसा लिहीत नाही, पण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ मनाच्या आजाराने आजारी होता. एका रात्री दीड वाजता त्यानं स्वयंपाकघरात कोंडून घेतलं आणि आतून भांडी फेकू लागला. फोन कोणाला करणार? डॉक्टरचा मोबाइल बंद. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "पेशंट धरून ठेवला असेल तर येतो." शेवटी पोलिसांना लावला, तेव्हा 100 नंबर होता, आता 112 आहे. वीस मिनिटांत मोटारसायकलवर दोघं आले. मोठा हवालदार, बूट दाराबाहेर काढून आत आला, हे मी विसरलो नाही. दाराशी जमिनीवर बसला आणि पाऊण तास भावाशी क्रिकेटच्या गोष्टी करत राहिला. भावानं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात सांडशी होती, ती यानं "द्या, मी ठेवतो" म्हणून घेतली. नंतर बाहेर ओट्यावर पाणी पिता पिता मला म्हणाला, "बाबूजी, आमच्या खात्यात जे गोळी भेटते ते याच्या कामाची नाही. तुम्ही आम्हाले कायले बोलावता?"

मी म्हटलं, "दुसरं कोण येतं?"

तो काही बोलला नाही. पुढचे चार तास तो आमच्यासोबत दवाखान्यात बसला. त्याचं बीट, म्हणजे गस्तीचा भाग, त्या चार तासांत मोकळं होतं. त्या रात्री तिकडे कोणाची पोत ओढली असेल, तर तो हिशेब कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा?

पागलखाना चौकातलं मनोरुग्णालय 1864 पासून आहे, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 ने रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला चोवीस तासांत दवाखान्यात पोचवायचं काम पोलिसांवर टाकलं आहे. 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर टेलिमानसवाले फोनवर बोलतात, चांगलं बोलतात. पण फोनला पाय नसतात. रात्री दीडला दाराशी येऊन बसणारा माणूस आजही खाकीतलाच. अमेरिकेत युजीन नावाच्या गावात 1989 पासून असल्या फोनवर पोलिसांऐवजी एक आरोग्यसेवक आणि एक समुपदेशक गाडीतून जायचे. छत्तीस वर्षं चाललं. 2025 मध्ये तेही बंद पडलं. ज्या कामाचं यश म्हणजे "काही घडलं नाही", त्याला दर वर्षी बजेटमध्ये जागा मागताना दाखवायला काहीच नसतं.

म्हणून मला "पोलिसांचा पैसा कमी करा" ही मागणी आपल्याकडे उसनी वाटते. आणि ज्यांना पोलीसच नकोत त्यांनी आपल्या नागपुरातली कस्तुरबानगर वस्ती आठवावी. 13 ऑगस्ट 2004 ला आपल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, त्या वस्तीला छळणाऱ्या गुंड अक्कू यादवचा जमावानं जीव घेतला. वस्तीतल्या बाया त्यात पुढे होत्या, असं जगभर छापून आलं. खटला दहा वर्षं चालला, आरोपी पुराव्याअभावी सुटले. घडलं ते भयंकरच. पण त्या बायांची आधीची तक्रार पोलीस फार झाले अशी नव्हती. गाऱ्हाणं घेऊन गेलं तर ठाण्यात कोणी ऐकत नाही, अशी होती.

उलट बाजूचंही एक उदाहरण नागपुरातच आहे. 2017 मध्ये इथे भरोसा सेल निघाला. पोलीस, समुपदेशक, वकील, डॉक्टर एका छताखाली, म्हणजे मार खाऊन आलेल्या बाईला चार कचेऱ्या फिरायला नको. दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलावर बसू शकतात, हे तिथे दिसतं. फक्त ते टेबल एका कचेरीत आहे आणि लोकांवर वेळ येते ती बहुधा रात्री, घरात.

आता तुमची सही. मी तुमच्या जागी असतो तर चौकीच्या अर्जावर केली नसती. बीट मार्शल मोटारसायकलवर फिरतो, त्याला प्लॉट लागत नाही. त्याच्यासाठी ठाणेदाराला वेगळा अर्ज द्या, संध्याकाळी सात ते दहा गस्त हवी असा, पोत ओढल्याच्या दोन्ही तक्रारींच्या तारखा टाकून. अभ्यासिकेला मात्र जमीन लागते, तेव्हा प्लॉट तिला द्या. पण अर्जात इमारतीच्या आधी दोन ओळी टाका : रात्री अकरापर्यंत उघडी ठेवणारा एक माणूस, त्याचं मानधन कुठल्या तरतुदीतून, आणि कंपाउंडवर चार दिवे. रात्री अकरापर्यंत तीस पोरं जिथे वाचत बसतात, त्याच्या भिंतीला टेकून गांजा ओढायला कोणी येत नाही. आणि ती पोरं वाचणार काय, हेही म्हाताऱ्या मंडळींना सांगा : पोलीस भरतीचंच! सकाळी रिंग रोडवर सोळाशे मीटर धावतात आणि रात्री सामान्य ज्ञान घोकतात. चौकी मागणाऱ्यांना शिपाई पाहिजे ना, तो इथूनच येणार आहे.

प्रश्न : सर, माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत. पोलिसांवर फार खर्च होतो असं लोक बोलतात. आमच्या क्वार्टरमध्ये पावसाळ्यात पलंग सरकवावा लागतो. मुलीच्या वाढदिवसाला तीन वर्षांत एकदाही ते घरी नव्हते. हा खर्च जातो कुठे?
एक पोलीस पत्नी, नागपूर

उत्तर : वहिनी, बहुतेक पगारात जातो, आणि पगार हा काही खैरात नाही. छताचा खर्च दुसऱ्या शीर्षातून यायचा असतो, त्यासाठी बांधकामवाल्यांचा अंदाजपत्रकाचा कागद लागतो. तो कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत पावसाळा संपतो. मग शेरा पडतो, "सध्या गळती आढळून आली नाही." हसू नका, असा शेरा मी स्वतः वाचला आहे, तुमच्या खात्याचा नव्हता एवढंच.

बाकी, पोलीस खर्च कमी करा म्हणणाऱ्यांनी आणि वाढवा म्हणणाऱ्यांनी, दोघांनी तुमच्या पत्राची झेरॉक्स जवळ ठेवावी. 2021 मध्ये महिला पोलिसांना बारा तासांऐवजी आठ तासांची ड्युटी हा प्रयोग आधी नागपुरातच झाला. पुरुषांच्या वाटेला तो कधी येणार, हे तुमच्या लेकीच्या वतीनं आमदारांना विचारा. पलंग सरकवता तेव्हाचा फोटो तारखेसकट काढून अर्जाला लावा. शेरा मारणाऱ्याला पाऊस दिसला पाहिजे.

प्रश्न : काका, कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आहे, "शहराला पोलीस हवेत की समाजसेवा?" मला चार मुद्दे द्या.
एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर : मुद्दे देत नाही बेटा, पत्ता देतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की मोर्चे अडवतात तिथे बॅरिकेडजवळ दुपारी चारला जाऊन उभा राहा. बंदोबस्ताला राज्यभरातून पोलीस आलेले असतात. मागच्या एका अधिवेशनात अंगणवाडी सेविकांचा मोर्चा होता, मानधनासाठी. अलीकडे रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून त्या डब्यातली पोळी-भाजी खात होत्या. पलीकडे बाहेरगावची एक महिला शिपाई सकाळपासून उभी, टाच एकदा या बुटात, एकदा त्या बुटात टेकवत. एका सेविकेनं तिला बॅरिकेडच्या फटीतून पोळीची गुंडाळी दिली. तिनं इकडेतिकडे पाहून दोन घासांत संपवली आणि विचारलं, "मावशी, तुमचं निवेदन घेतील ना पाचपर्यंत?"

"घेतील म्हणतात. कावून?"

"तुम्ही गेल्याशिवाय आम्हाला सोडत नाहीत."

आत त्याच वेळी पुरवणी मागण्या मंजूर होत असतात. गृह विभागाचं पान वेगळं, महिला व बालविकासचं पान वेगळं. दोन्ही पानं मिळव, आकडे उतरवून मला पाठव. बेरजा मी तपासून देईन, भाषण तुझं तू कर.