शिलकीतली ताकद : मोठ्या मोटरसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४८ असून मी एका पतसंस्थेत नोकरी करतो. पंचवीस वर्षे शंभर सीसीच्या गाडीवरून कामावर ये-जा केली. आता मुलीचे शिक्षण पूर्ण झाले आहे आणि रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची इंटरसेप्टर घ्यावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. घरचे विचारतात, की आपल्या रस्त्यांवर ८०च्या पुढे जायचेच नाही, तर एवढे मोठे इंजिन कशासाठी? मला नीट उत्तर देता येत नाही. या गाडीत असे नेमके काय असते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वेगात शोधायला गेलात, तर ते सापडणार नाही. चौपदरी महामार्गावरही आपल्याकडे दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मोठी गाडी जिथे मोकळेपणी धावली असती, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. तरीही गेली सहा वर्षे मी तुम्ही म्हणता तीच गाडी चालवतो आहे आणि तिच्यावर मांड टाकताना पहिल्या दिवशी झाला तेवढाच आनंद आजही होतो. तो कशाचा, हे एका घाटाच्या आधारे सांगतो.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येताना साखरपा मागे पडले की आंबा घाट सुरू होतो. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा, अशा बेताने शंभर सीसीच्या गाडीवर हा घाट मी पूर्वी अनेकदा चढलो आहे. चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे आला की गाडी दुसऱ्या गिअरवर यायची, मूठ शेवटपर्यंत पिळलेली असायची, इंजिन रडकुंडीला यायचे आणि तरीही ट्रकच्या धुरातून बाहेर पडण्याएवढा जोर काही मिळायचा नाही. सगळे लक्ष गाडी वर नेण्यातच जायचे. दरीकडे एकदा डोळे भरून पाहावे, एवढीही सवड नसायची. इंटरसेप्टरवर तोच घाट पहिल्यांदा चढलो, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे सावकाश येत राहिलो. एका सरळ टप्प्यावर पुढचा रस्ता लांबवर रिकामा दिसला, तशी मूठ बोटभर फिरवली आणि गिअर न बदलता गाडी ट्रकच्या पुढे निघून गेली. ते सगळे इतके बिनबोभाट झाले, की पत्नीने खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘‘ट्रक मागे पडला का?’’

यामागचे गणित साधे आहे. शंभर सीसीच्या गटातल्या स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे असून त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, सुमारे ८ न्यूटन मीटर आहे. इंटरसेप्टरचे दोन सिलिंडरचे ६४८ सीसीचे इंजिन ५२ न्यूटन मीटर टॉर्क देते. जोर साडेसहा पट, गाडीचे वजन मात्र दुपटीच्या आसपास. शिवाय हा जोर मिळवण्यासाठी इंजिन रेटावे लागत नाही, कारण त्यातला सुमारे ८० टक्के भाग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनाच हाताशी येतो. त्यामुळे साठ-सत्तरच्या वेगाने जाताना इंजिन आपल्या कुवतीच्या निम्म्याहूनही कमी फेऱ्यांवर, कसलीही घाई नसल्यासारखे चालत राहते. छोट्या गाडीवर आपण होते नव्हते तेवढे बळ खर्चून वेग टिकवतो. मोठ्या गाडीवर बरेचसे बळ शिल्लक ठेवून चालतो आणि ते शिल्लक आहे, ही जाणीव दिवसभर मनगटात असते. समोरून अचानक एसटी आली, मागे बसणारे माणूस वाढले, वारा उलटा सुटला, तरी गाडीचा आणि आपलाही जीव वरखाली होत नाही. दीडदोनशे किलोमीटर चालवून उतरल्यावर अंग आंबलेले नसते, तेही यामुळेच. मोठ्या इंजिनाचे खरे सुख माझ्या मते या शिलकीत आहे आणि पतसंस्थेत उभी हयात घालवलेल्या माणसाला ते मी अधिक फोड करून सांगायला नको.

दुसरे सुख ठेक्याचे. या इंजिनातल्या दोन पिस्टनांच्या जागा क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, २७० अंशांनी मागेपुढे ठेवलेल्या आहेत, म्हणून दोन सिलिंडरांमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर २७० अंशांनी दुसरा, मग तब्बल ४५० अंशांची उसंत आणि पुन्हा पहिला. त्यातून एक घुमारदार, किंचित अडखळता ठेका तयार होतो, जो कानांपेक्षा मांड्यांना आणि तळपायांना आधी कळतो. लहानपणी माझ्या मामांकडे जुनी बुलेट होती. तिचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, दाबून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून मामा एकदाच किक मारत आणि गाडी सुरू झाली की त्यांचा चेहरा बदलत असे. आता बटण दाबले की काम होते. पण संध्याकाळी घाट चढून मलकापुरात चहाला थांबल्यावर, इंजिन बंद केल्यानंतर पाचदहा मिनिटे तापलेले सायलेन्सर निवताना जो ‘टिक्‌… टिक्‌…’ असा आवाज करत राहतात आणि गरम तेलाचा वास येत राहतो, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटत असे, ते मला कळते.

खर्चाचे आणि गैरसोयीचेही सांगितले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यापूर्वी मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, म्हणजे तुमच्या आवडीची गाडी महागच पडणार. त्रयस्थ विम्याचा हप्ताही ३५० सीसीवरच्या गटाला सर्वांत जास्त असतो. सिग्नलवर चारपाच मिनिटे थांबावे लागले, तर उन्हाळ्यात पोटऱ्यांना चांगलीच धग लागते. माझी गाडी लांबच्या प्रवासात लिटरला पंचवीसच्या आसपास जाते आणि टाकीत १३.७ लिटर मावतात, त्यामुळे अडीचशे किलोमीटर झाले की मी पंप शोधू लागतो. भाजी आणायला, गणपती पेठेतल्या गर्दीत शिरायला ही गाडी नाही. तेव्हा इंटरसेप्टर अवश्य घ्या, पण शंभर सीसीची गाडी विकू नका.

प्रश्न : माझ्या ६५० सीसीच्या गाडीचा मूळ आवाज फार दबलेला वाटतो. मित्रांनी बाजारातला मोकळा सायलेन्सर बसवायचा आग्रह धरला आहे. बसवावा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बसवू नका. तो बेकायदा आहे आणि असे जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडण्याच्या कारवाया अनेक शहरांतल्या पोलिसांनी केल्या आहेत. मला त्याहून मोठे कारण वाटते ते गल्लीत झोपलेल्या तान्ह्या मुलांचे आणि आजारी माणसांचे. या इंजिनाचा ठेका मूळ सायलेन्सरमधूनही येतो. शहराबाहेर, पहाटेच्या शांततेत, चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने जाऊन पाहा आणि मग ठरवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून आठ वर्षे १५० सीसीची मोटरसायकल चालवते. आता मोठी गाडी घ्यायची आहे. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. शोरूममधल्या विक्रेत्याने गाडीवर बसू न देताच ‘मॅडम, ही तुम्हाला झेपायची नाही’ असे सांगितले. खरेच झेपणार नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आठ वर्षे गिअरची गाडी चालवणाऱ्या व्यक्तीला न विचारता असे सांगणे मला अजिबात पटलेले नाही. दुसऱ्या शोरूममध्ये जा आणि गाडीवर बसल्याशिवाय, शक्य असेल तर चालवून पाहिल्याशिवाय परत येऊ नका.

मोठ्या गाडीचे वजन चालताना जाणवत नाही, ते थांबताना जाणवते. गाडीने ताशी वीसचा वेग घेतला की ती स्वतःच तोल धरू लागते आणि हँडल हलक्या हाताने पुढे दाबले तरी हव्या त्या बाजूला झुकते. अडचण येते ती पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर आणि उतारावर. म्हणून निवड करताना सीटची उंची आणि वजन या दोन्हींचा विचार एकत्र करा. इंटरसेप्टरची सीट ८०४ मिलिमीटर उंच आहे. त्याच इंजिनाच्या सुपर मिटिऑरची सीट ७४० मिलिमीटरवर, म्हणजे तुमच्यासाठी फार सोयीची आहे, पण तिचे वजन २४१ किलो आहे. मला विचाराल तर तुमच्या उंचीला मी सुपर मिटिऑर आधी पाहीन. दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेच पाहिजेत, असे मात्र नाही. डावा पाय भक्कम टेकत असेल आणि उजवा मागच्या ब्रेकवर असेल, तर गाडी व्यवस्थित सांभाळता येते.

सवय लावून घ्यायची ती गाडी लावण्याची. गाडीचे तोंड उताराकडे किंवा भिंतीकडे करून कधीही लावू नका, कारण दोन-सव्वादोनशे किलो मागे ओढणे धडधाकट पुरुषालाही जड जाते. मऊ मातीत किंवा उन्हात वितळलेल्या डांबरावर साइड स्टँडखाली एखादा चपटा दगड ठेवा. पहिला महिनाभर सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांवर गाडी चालण्याच्या वेगाने फिरवा, आठचा आकडा काढा, आणि नजर जमिनीकडे न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवा.

गाडी कधीतरी आडवी होईलच. माझी केळशीजवळ वाळूवर उभ्या उभ्या कलली. ती एकट्याने उचलण्याची रीत आहे. आधी इंजिन बंद करायचे आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचे, कंबर सीटच्या कडेला टेकवायची, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा आणि छोटी छोटी पावले मागे टाकत पायांच्या जोरावर उठायचे. पाठीने किंवा दंडांनी उचलू गेलात तर दुखापत होते. ही रीत एखाद्या जाणकाराच्या समोरच एकदा करून पाहा, म्हणजे पुढे अडणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. आत्तापर्यंत स्कूटर चालवली आहे आणि आता थेट ६५० सीसीची गाडी मागतो आहे. नाही म्हटले तर घरात अबोला धरतो. काय करावे?
– एक पालक, पुणे

उत्तर : अबोला सोसा. त्याची आवड चांगली आहे, तिला नावे ठेवू नका, पण मधली पायरी गाळू देऊ नका. तुमच्याच जिल्ह्यात, चाकणला, डॉमिनार ४०० आणि ३९० ड्यूक यांसारख्या गाड्या तयार होतात. त्याही त्याच्या सध्याच्या स्कूटरच्या मानाने पुष्कळ ताकदवान आहेत, म्हणून ३५० सीसीपासून सुरुवात केली तर अधिक उत्तम. निदान दोन पावसाळे त्या गाडीवर जाऊ द्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हे त्याला कागदावर माहीत असेलच, पण ओल्या रस्त्यावर ते अंतर अंगात मुरायला वेळ लागतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, अंतर मिटवत नाही. गाडीच्या आधी आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घेऊन द्या.

प्रश्न : नवी ६५० सीसीची गाडी हाती आली आहे. पहिला लांबचा प्रवास कोणता करावा? आम्ही ठाण्याला राहतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या आणि मग किनाऱ्याने रत्नागिरीला जा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरा, तिथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याला पहिली फेरीबोट, पलीकडे दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून वेसवीला दुसरी बोट. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोलीमार्गे दाभोळ, तिथून धोपाव्याला तिसरी. पुढे गुहागर, हेदवी आणि तवसाळहून जयगडला चौथी. रस्ता अरुंद आहे, वळणावळणाचा आहे, गावांतून जातो आणि पन्नासच्या वर वेग नेण्याची वेळ क्वचितच येते. मोठी गाडी संथ चालवण्यात काय गोडी आहे, ते याच रस्त्यावर कळते. खाडीकडे उतरायचे, बोटीत गाडी चढवायची, पलीकडच्या तीरावर पुन्हा जांभ्या दगडाचा खडा चढ, आणि प्रत्येक चढावर ते इंजिन न कुरकुरता वर नेते.

बोटीचा लोखंडी उतार बहुधा ओला असतो. त्यावर पुढचा ब्रेक लावू नका, पहिल्या गिअरमध्ये सरळ, एका चालीने चढा आणि उतरा. बोट सुटल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्यावरच बसून राहा, स्टँडच्या भरवशावर सोडून कठड्याशी जाऊ नका. तुमच्या गाडीला तारांची चाके असतील तर आत ट्यूब असणार, तेव्हा दोन्ही चाकांच्या जादा ट्यूब आणि चाक खोलायचे पाने सोबत असू द्या, कारण वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे कौशल्य असते, पण एवढ्या मोठ्या चाकाची ट्यूब असेलच असे नाही. पावसाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तीन दिवस हाताशी ठेवा, पहिला मुक्काम हरिहरेश्वरला आणि दुसरा गुहागरला करा. तवसाळहून शेवटची बोट किती वाजता सुटते, ते मात्र गुहागर सोडण्यापूर्वी विचारून घ्या.