फ्रँचायझी करारात 'लवाद कंपनीचे एमडी नेमतील, सीट दिल्ली' असं आहे. दादरला आउटलेट काढतोय, सही करू का?

इतक्यात नको. 'सीट' शब्द साधा वाटतो, पण स्थगिती मागायची किंवा लवादाच्या (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाच्या) निवाड्याला आव्हान द्यायचं तर त्याच शहरातल्या कोर्टात जावं लागतं. करारात 'व्हेन्यू' असा शब्दही दिसेल, ती नुसती सुनावणीला बसायची जागा. सीट दिल्ली म्हणजे गाळ्याचं भाडं दादरला भरायचं आणि तारखांना दिल्ली गाठायची! सीट मुंबईच मागा.

एमडीचं म्हणाल, तर ज्याचा वादात हितसंबंध आहे त्याला लवाद होता येत नाही, आणि एकट्याने नेमताही येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ सालीच सांगितलंय. तरी जुन्या मसुद्यात ती ओळ तशीच छापलेली असते. त्याजागी 'दोघांच्या संमतीने एकच लवाद' लिहून घ्या. एकमत नाहीच झालं तर लवाद कायद्याच्या (आर्बिट्रेशन अ‍ॅक्ट, १९९६) कलम ११ खाली हायकोर्टात अर्ज करता येतो. तीन लवाद म्हणजे तिघांची फी, एका आउटलेटच्या गल्ल्यातून ती निघत नाही.

माझ्या मावसभावाच्या करारात बारीक अक्षरात होतं: रॉयल्टी थकली तर कंपनी थेट कोर्टात जाणार, त्याची तक्रार मात्र लवादाकडेच. मसाल्याचा पुरवठा थांबला तेव्हा त्याने ते पहिल्यांदा नीट वाचलं. (वकिलाचे पैसे वाचवले होते म्हणे.)

अशा वेळी त्याच कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टाकडे तातडीचा आदेश मागता येतो, पण मिळाला तर ९० दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते.